मिश्रीला रकाना नाही

मार्केट यार्डामागच्या खोल्यांत
मी सर्व्हेला जाते तेव्हा
बायका हळद निवडून परतलेल्या असतात.
केसांपर्यंत पिवळ्या. शिंकासुद्धा पिवळ्या.
फक्त उजव्या हाताचं एक बोट काळं.

फॉर्म विचारतो : बिडी? सिगारेट?
यल्लव्वा पदर तोंडावर घेऊन हसते.
बाईमाणसाला हे काय विचारतीस?
मी लिहिते, नाही.
पुढचा प्रश्न रक्तदाबाचा.

तिच्यामागं तव्यावर तंबाखू करपत असते.
ठसका मला, तिला, पाळण्यातल्या पोरीला.

मिरजेच्या दवाखान्यात भिंतीवर पोस्टर आहे.
त्यात एक पुरुष, शर्टाला इस्त्री,
बोटांत सिगारेट, सिगारेटीवर लाल काट.
यल्लव्वा त्याच्याखाली तीन तास बसली होती.
म्हणाली, बिचाऱ्याला काय झालंय?
तिचं गाव जतच्याही पलीकडं.
मराठी कळते तिला, वाचता येत नाही.

सोड म्हटलं तर म्हणते,
अक्का, तोंडात मिश्री असली
की कुणी काम सांगत नाही.
मुकादम नाही, नवरा नाही, सासू नाही.
उंबऱ्यावर बसायचं, बोट फिरवायचं, थुंकायचं.
दिवसातली तेवढीच दहा मिनिटं.
ती घेतलीस तर बदल्यात काय देशील?

माझ्या पिशवीत लोहाच्या गोळ्या होत्या.

तिच्या भाषेत बायी म्हणजे तोंड.
माझ्या भाषेत बाई म्हणजे बाई.
बायी तेगी, मी म्हणते,
आणि ती उघडते, जेवढं उघडतं तेवढं.
तीन बोटं जायला हवीत. दीड जातात.
गालाच्या आत पांढरं,
भिंतीचा पोपडा सुटावा तसं.

फॉर्मच्या कडेला मी पेनानं चौकोन काढला,
त्यात लिहिलं : मिश्री, बावीस वर्षं.
ऑपरेटर म्हणाला, मॅडम,
हा कॉलम सिस्टीम घेत नाही.
महिनाअखेरीला अहवाल आला.
वॉर्डातल्या स्त्रिया, तंबाखू : शून्य.

त्या शून्यात माझी आईपण आहे, कवलापूरची,
जिचं दुखणं शेवटपर्यंत
दाढेचंच होतं.

परवा परत गेले, मिरजेची चिठ्ठी घेऊन.
यल्लव्वा म्हणाली, बस.
दोघी उंबऱ्यावर बसलो,
तोंडं रिकामी ठेवून.
दोन मिनिटं झाली असतील नसतील,
आतून कुणीतरी तिला हाक मारली.