आभार मानायचे नाहीत

इर्मिना गेली फेब्रुवारीत.
तिचे जिरेनियम त्याच्याही आधी, जानेवारीत.
मी इस्पितळातल्या खुर्चीत झोपत होतो
आणि काचबंद बाल्कनीची एक खिडकी उघडी राहिली.
लुब्लिनमध्ये त्या रात्री उणे अठरा होतं.
घरी आलो तर सोळा कुंड्यांत
उकडलेल्या पालकासारखं काहीतरी.

कुंड्या टाकल्या नाहीत.
रोपं काढली, माती तशीच ठेवली.
एका कुंडीत कपड्यांचा चिमटा रुतलेला होता,
तोही तसाच.

मे महिन्यात खाली वाकून पाहिलं
तर झेनोबियाबाईंच्या कठड्यावर तोच रंग:
बीटच्या सुपात साय ढवळताना
मध्येच थांबावं, तसा.
पानावर तेच काळसर कडं,
चहाच्या पेल्यानं टेबलावर उमटवलेलं.

हा वाण बाजारात मिळत नाही.
लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत
इर्मिनानं तो एका मठाच्या खिडकीतून खुडला होता
आणि ओल्या हातमोज्यात घालून आणला होता, आगगाडीतून.
आमच्याकडे म्हणतात,
दिलेली फांदी वाळते, चोरलेली जीव धरते.
आणि कुणी दिलीच, तर आभार मानायचे नाहीत.
मानले की मेली.

झेनोबियाबाई आणि इर्मिना
अकरा वर्षं बोलत नव्हत्या.
आमच्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या चादरींवर ठिबकायचं,
त्या झाडूच्या दांड्यानं छत ठोकायच्या,
तीनदा. नेहमी तीनदाच.
इर्मिना म्हणायची, "पोस्टमन आला वाटतं,"
आणि आणखी एक तांब्या ओतायची.

म्हणजे कधीतरी, एखाद्या उन्हाळ्यात,
कठड्याबाहेर लोंबणारी फांदी
त्यांनी छत्रीच्या मुठीनं खाली ओढली असणार.
चोरटी बाई.
मला इतका आनंद झाला
की रागवायचं राहूनच गेलं.

ऑगस्टात त्यांच्या घराला रंग लागला
आणि कुंड्या जिन्यात आल्या.
मी कचऱ्याची बादली घेऊन उतरलो. बादली रिकामीच होती.
अंगठ्याच्या नखानं एक शेंडा दाबला,
तोवर दार उघडलं.

"नखानं नाही," त्या म्हणाल्या.
"चिरडतं. पेराच्या खाली काप, तिरकं."
आतून बटाट्याची सुरी आणली, पात्यावरून फडकं फिरवलं,
माझ्या हातात दिली
आणि पाठ फिरवून भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या,
रंग वाळलाय का हे बघत असल्यासारख्या.

"झालं?"
"झालं."
"तीन तरी घे. एकावर भरवसा ठेवू नये."

तोंडात शब्द आलाच होता.
दाताखाली धरून
वर घेऊन आलो.

खालची पानं काढली, कळी खुडली.
कळी खुडताना हात थांबला, पण खुडली.
रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवलं,
जखमेवर साल धरेपर्यंत.
मग अर्धी वाळू, अर्धी तिचीच जुनी माती,
दह्याचे तीन डबे, बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं.

पहिली आठव्या दिवशी बुडातून काळी पडली.
दुसरी हिरवीगार दिसत राहिली,
मी खूश होतो,
आणि उचलली तर नुसती उभी होती,
मूळ नव्हतंच.
अशी माणसंही पाहिली आहेत. सध्या रोज दाढी करताना पाहतो.

तिसरीला हात लावायचा नाही असं ठरवलं.
एकविसाव्या दिवशी लावला.
दोन बोटांत धरून, अगदी हलकं,
झोपलेल्याची बाही ओढावी इतकं, वर ओढलं.

आली नाही.
मातीतून कुणीतरी
धरून ठेवलं होतं.

मग मी वेड्यासारखं पाणी घातलं.
एवढं घालायचं नसतं, ठाऊक आहे.
भोकांतून, कठड्यावरून, खाली,
आणि थोड्या वेळानं
पायाखालची फरशी वाजली.

एक.
दोन.

मी तांब्या हातात धरून उभा होतो.