तिसऱ्या खांबापाशी

केमीत आता जिथे सुपरमार्केटच्या गाड्या लागतात
तिथे लाकडाची गिरणी होती. मला ती आठवत नाही,
मी तेव्हा आईच्या पोटातही नव्हते.
पण फोनला आठवते.
कानात बोंडं खोचून कुत्र्याला घेऊन निघाले
की तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी
पायाखालून करवत सुरू होते,
दहा पावलं चढत जाते, ट्रॉल्यांच्या रांगेशी विरते.
पुढे नुसता बर्फ, बुटांखाली करकरणारा.

हे पेरलंय वाचनालयातल्या हेल्मीनं,
नकाशावर बोट ठेवून:
इथे भोंगा, इथे ओंडके गडगडतायत,
इथे जेवणाच्या सुट्टीतला कुणाचा तरी खोकला.
आपण फक्त चालायचं.

मग ताइस्तो आला. एक्क्याऐंशी वर्षांचा,
त्यातली तेवीस करवतीसमोर गेलेली.
फोन कानातल्या यंत्रावर दाबून धरला,
मान हलवली. ही आमची नव्हे.
ही कुठली तरी उन्हाळ्यातली.
फेब्रुवारीत ओंडका गाभ्यापर्यंत गोठलेला,
तेव्हा करवत रडत नाही, पोरी,
दात खाते.

गिरणीनं त्याचे कान नेले होते.
बदल्यात स्वतःचा आवाज तेवढा
आत ठेवून गेली, भाडं न देणाऱ्या बिऱ्हाडासारखा.

हेल्मी म्हणाली, मग तुम्हीच करून दाखवा.
मुलांच्या कोपऱ्यात, रंगीत गाद्यांवर बसून
त्यानं कवळी काढून खिशात ठेवली, ओठ ताणले.
पुस्तक परत करायला आलेली माणसं
पुस्तक हातात धरून उभी राहिली.

आता त्या खांबापाशी गोठलेला ओंडका
एका म्हाताऱ्याच्या तोंडानं कापला जातो.
शेवटी त्याला धाप लागते.
ती धाप हेल्मीनं काढून टाकली नाही.
कुत्र्याला यातलं काही ऐकू येत नाही,
पण मी थांबते म्हणून तोही थांबतो
आणि खांबाचं जे करायचं ते करतो.

काल उणे सव्वीस. फोननं वाटेतच मान टाकली.
खांबापाशी आले. शांतता अशी,
जणू कुणी जेवायचं ताट उचलून नेलं.
इकडे-तिकडे पाहिलं, ओठ ताणले,
आणि जमेल तशी करवत काढली.

दुधाचे खोके डिकीत ठेवणारा एक गृहस्थ
वळलाही नाही. म्हणाला,
अजून थोडं वर.
फेब्रुवारी आहे.