हातनोंद

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
यादी स्वतःच स्वतःला लिहिते.
मी झोपलेली असते,
डोंगराच्या कुशीत अख्खं ईसाफ्योर्दुर झोपलेलं असतं.
जागी असतात मासळीच्या कारखान्यातली बर्फाची यंत्रं
आणि माझी ही ऐंशी ओळींची आज्ञावली,
जगभरच्या जर्नलांची दारं ठोठावत:
आमचं कोणी आलंय का इकडे?

बहुतेक दारं उघडतच नाहीत.
एखादं काहीबाही हातात कोंबतं.
मागच्या मंगळवारी तिने आणला
आर्हुसला स्थायिक झालेल्या कुण्या दंतवैद्याचा
अक्कलदाढेवरचा निबंध,
आद्याक्षरं जुळली म्हणून.
दोन दिवस आमच्या प्राध्यापक हालबेरा
समुद्रतळाच्या गाळाबरोबर अक्कलदाढाही अभ्यासत होत्या.
कोणाच्या लक्षात आलं नाही.
याद्या वाचतं कोण?
आपलं नाव आहे ना, एवढं बघून माणूस निघून जातो.

नाव. तिथेच घोडं अडतं.
आमच्याकडे घराण्याचं नाव नसतं.
मी स्तेइनवर, ग्रीमुरची मुलगी. संपलं.
यंत्राला हे पटत नाही,
देशातल्या साऱ्या ग्रीमुरांच्या साऱ्या मुली
ते माझ्या बहिणी म्हणून रांगेत उभ्या करतं.
आणि आमचं ते काट मारलेलं अक्षर
दर महिन्या-दोन महिन्यांनी प्रश्नचिन्ह होऊन परततं.
मी त्याचं बटण लावून देते, पुन्हा शाळेत पाठवते.

वार्षिक अहवालासाठी हालबेरा म्हणाल्या, मोज.
मोजले. बावीस वर्षं, सत्त्याऐंशी लेख.
एकसष्ट लेखांमध्ये गाळ आहे
आणि तो सगळा गाळ फालुरने काढलेला,
रीतान नावाच्या बोटीवरून,
हातमोज्यांवर हातमोजे चढवून.
त्याचं नाव शोधलं.
शून्य निकाल.
शेवटी, बारीक टाइपात, कुठे कुठे:
बोटीवरील कर्मचारीवर्गाचे आभार.
कर्मचारीवर्ग म्हणजे फालुर आणि त्याचा कुत्रा.

हाताने भरायच्या नोंदींची एक फाइल असते.
तिच्यात मी फालुरला लिहिलं.
सकाळी तो नव्हता.
पुन्हा लिहिलं. पुन्हा नव्हता.
ओळख क्रमांक नाही तर नोंद नाही:
हा नियम मीच घातला होता
तीन वर्षांपूर्वी, कॉफी पीत, स्वतःवर खूश होत.

काढता आला असता. एका ओळीचं काम.
पण मग तो आत आला असता माझ्या मेहेरबानीने,
आणि मेहेरबानी फालुरला खपत नाही.

त्याच्या स्वयंपाकघरात, मीठ-पिठाच्या कपाटात,
एकोणीस वह्या.
घेऊन जा, म्हणाला, पण शिव्याही आहेत त्यात.
तारीख, खोली, वारा.
गाळ काळा, सडक्या अंड्याचा वास.
गाळ लोण्यासारखा, दोरी तुटली, (शिवी).
हालबेरा नवीन आहे, तीनदा ओकली, तरी नळी सोडली नाही.

डिसेंबरभर, सूर्य नसलेल्या दुपारी,
मी पानामागून पान काचेवर पालथं घातलं.
विदागाराच्या अर्जात लेखक: फालुर.
संस्था? अर्जाने विचारलं.
मी लिहिलं, रीतान.
त्याने निमूट मान्य केलं
आणि क्रमांक दिला, लांबलचक,
कुठल्याही विद्वानाला देतात तसाच.

मग मी काहीच केलं नाही.
तीन वाजून दहा मिनिटांनी
आज्ञावली नेहमीसारखी दारं ठोठावत गेली
आणि त्याला घेऊन आली.

जानेवारीच्या शेवटी ऊन डोंगरावरून खाली उतरलं.
त्या दिवशी गावभर पॅनकेक असतात, प्रयोगशाळेतही.
फालुर आला, बूट दाराशी काढून.
मी पडदा त्याच्याकडे वळवला.
त्याने चष्मा स्वेटरला पुसला,
पुष्कळ वेळ वाचलं
आणि म्हणाला,
पहिली वही मार्चमधली नाही. मेमधली आहे.
मार्चमध्ये बोट रंगाला काढली होती.

मी तिथेच दुरुस्त केलं.
त्याने मागे उभं राहून बघितलं,
मग साखरेचं भांडं मागितलं.