जसं आहे, जिथे आहे

रात्री दोनला, रस्ते निजल्यावर,
विमान आलं दारूखान्यात, ट्रेलरवर आडवं.
पंख सुटे, ताडपत्रीत बांधलेले.
नाक आधीच कुणी काढून नेलेलं.
फ्रीवेच्या खाली ड्रायव्हर उतरला,
बांबूनं शेपटीची उंची मापली,
टायरांतली थोडी हवा सोडली,
म्हणाला, निघेल.
निघालं. चार बोटं राखून.

मला सकाळी फोन, कासम मुकादमांचा:
पेंटर, आज लिहायचं नाही, पुसायचंय.

टेंडरची अट अकरा:
कापण्याआधी सर्व चिन्हं, क्रमांक, नावं
खरेदीदारानं स्वखर्चानं मिटवावीत.
अट बारा:
माल जसा आहे, जिथे आहे.
मागाहून तक्रार चालणार नाही.

हवाई दलात मी एकोणीस वर्षं रंगारी होतो
हे मुकादमांना माहीत नाही.
त्यांना माझा हात माहीत आहे
फाटकावरच्या 'येथे थुंकू नये' पासून.

काट्यावर मयेकर. चष्मा कपाळावर.
चार हजार एकशे ऐंशी, तो ओरडला.
मुकादम म्हणाले, पोटात पाणी आहे याच्या,
तीन पावसाळे उघड्यावर होतं,
पाणी मी किलोनं घेतलेलं नाही.
मग खालची झडप उघडली.
अर्धा तास गळत राहिलं
गंजाच्या रंगाचं, रॉकेलच्या वासाचं,
शेवटी एक ओलं पीस,
कबुतराचं असावं.
पुन्हा काटा. बावीस किलो उतरले.
मयेकरनं जुना आकडा खोडला
आणि चहा सांगितला.

एकूण सात विकली म्हणे सरकारनं.
एक कुठल्याशा कॉलेजच्या दारात उभं राहणार,
एक मीरा रोडच्या हॉलवाल्यानं घेतलं,
नवरानवरी पुढ्यात फोटो काढतील.
उरलेली पाच भंगारात.
ॲल्युमिनियम एका भावानं, तांबं दुसऱ्या,
टायटॅनियम बघायला
ठाण्याहून माणूस यायचाय.

मी थिनर ओतलं, चिंध्या घेतल्या.
आधी गोल.
केशरी लगेच सुटला.
पांढरा निघता निघेना.
हिरवा नखांत बसला, अजून आहे.

मग कॉकपिटच्या खालची पट्टी.
वरून करडा रंग, गुळगुळीत, काहीच नाही.
घासलं तर गरेवाल.
त्याच्याखाली कुरियन, कुणा घाईच्या माणसानं काढलेला.
आणि कुरियनच्या खाली, हळूहळू,
इंग्रजी सी, पोटाशी जरा फुगलेला.

असा सी मीच काढायचो.
चेंगप्पा शिडीवरून वाकून म्हणाला होता,
पहिलं अक्षर मोठं काढ,
आई फोटोत वाचणार आहे,
तिची नजर कमी झालीय.
नंतर त्याची बदली झाली, माझीही.
पुढे त्या वर्षी विमानं पडल्याच्या बातम्या आल्या
तेव्हा मी पेपर घडी घालून ठेवून द्यायचो.
नाव नसेल तर ठीकच,
असेल तर ते छापलेलं मला वाचायचं नव्हतं.

किती वेळ, मुकादमांनी विचारलं.
झालंच, म्हटलं.
चिंधी बदलली. घासलं.
रंग गेला.
अक्षर गेलं नाही.
माझ्या पहिल्या हाताखाली
तेवढाच पत्रा वेगळा मुरलेला,
जरा उजळ, सीच्या आकाराचा.
मुकादमांनी अंगठा फिरवून पाहिला.
हे जात नाही?
नाही. हे कापावं लागेल.

त्यांनी रामसजीवनला हाक मारली.
त्यानं गॅसची नळी ओढत आणली,
काडी पेटवताना तोंड फिरवलं.
मी डबे आवरत होतो, मागे पाहिलं नाही,
आवाज मात्र येतोच.

मजुरी किती, मुकादमांनी विचारलं.
मी अक्षरामागे घेतो.
पुसण्याचा दर कधी ठरवलेला नव्हता,
लिहिण्याचाच लावला.
गरेवाल धरला, कुरियन धरला,
क्रमांक, दोन्ही गोल, थिनर वेगळं.
नऊ अक्षरं बिलात नाहीत.
मुकादमांनी बेरीज दोनदा केली,
कमी का आली ते त्यांना कळेना,
पण तक्रार त्यांनीही केली नाही.