उणे अठरा

पेर्नोच्या गोदीत जहाजाचं पोट उघडं आहे.
बाहेर उणे अठरा, आत उणे पंधरा,
आणि वेल्डिंगच्या मुखवट्याआड मी, साइमी कोर्तेलाइनेन,
चौतिसाव्या वर्षी
सौनातल्या दगडासारखी तापलेली.

जॅकेटची चेन खाली ओढते.
"वेड लागलंय का?" वेइयो ओरडतो. त्याच्या मिशीत बर्फ.

वेड नाही. दर चौथ्या मंगळवारी
पोटावर एक सुई घेते मी.
ती मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीला म्हणते, गप्प बस.
मग खाली बीजकोशांना निरोपच जात नाही.

सोळा वर्षं तिथे गोंगाट होता.
गर्भाशयाच्या अस्तरासारखं काहीतरी
गर्भाशय सोडून आतड्याच्या पाठीला चिकटलेलं,
वेल्डिंगचे शिंतोडे नको तिथे उडून गोठावेत तसं,
आणि तिथेही महिन्याच्या महिन्याला
इमानेइतबारे रक्त गाळणारं.
शाळेची नर्स म्हणाली, सगळ्याच मुलींचं दुखतं.
एक डॉक्टर म्हणाला, मूल होऊ द्या.
मी मचाणावरून वाकून ओकायचे
आणि सांगायचे, कालचा मासा बाधला.

पहिल्या सुईनंतर दोन आठवडे दुखणं उलट चवताळलं.
हिल्क्का नर्सने आधीच बजावलं होतं, विझायच्या आधी भडकेल.
सांगून आलेलं दुखणं
निदान दार वाजवतं.

मग शांत. इतकं, की बसमध्ये
पोटावर हात ठेवून मी ऐकायचे,
कुणी आहे का?

रविवारी आई येते. चौपन्नची.
सूप अर्धं होतं न होतं तोच दोघींच्या अंगाची लाही होते,
दोघी उठतो, बाल्कनीचं दार उघडून
अंधारात उभ्या राहतो, बाह्या वर करून.
"माझ्या रांगेत तू कशी घुसलीस गं?" आई हसते,
हसता हसता डोळे पुसते.
घाम असेल.

सुईबरोबर एक गोळी होती, रोजची, बारीक.
काढून घेतलेल्यातलं चिमूटभर परत देणारी.
मी ती खणात ठेवून दिली.
एवढ्या मुश्किलीने विझवलेल्या आगीत
पुन्हा लाकूड कोण घालेल?
पाच आठवडे. कुणाला सांगितलं नाही.
एका रात्री चमच्यांच्या खणापुढे उभी राहून रडले.
चमचे सगळे जागच्या जागी होते.

"दुसरं पाकीट नेलेलं दिसत नाही," हिल्क्का म्हणाली.
रागावली नाही. म्हणाली,
"तुमच्याकडे जोड तपासतात कसा?"
एक्स-रेने. वरून गुळगुळीत दिसतो,
आत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात,
इन्स्पेक्टर खडूने गोल करतो, उकरून पुन्हा…
बोलता बोलता मी थांबले.
पडद्यावर माझ्या कमरेची हाडं होती,
पहिल्या सुईआधी काढलेली. अजून घट्ट.

"ही आग नाही," ती म्हणाली.
"पाइप फुटू नयेत म्हणून सोडलेली ऊब आहे."
मग एक एक बोट मिटत,
सुई म्हणजे मूल न होण्याची हमी समजू नकोस.
रडू थांबेना तर मंगळवारची वाट बघू नकोस, फोन कर.
सहा महिने झाले की पुन्हा समोरासमोर बसू,
पुढचं तेव्हा ठरवू. तू आणि डॉक्टर.
एकटीने नाही.
पाचवं बोट उघडंच राहिलं.
ते तिने माझ्या मनगटावर ठेवलं.

दहाची सुट्टी. थर्मासातली कॉफी.
मी गोळी जिभेवर ठेवते.
"कशाची?" वेइयो विचारतो.
हाडांची.
तो खिसा चाचपतो, स्वतःची पट्टी काढतो.
"माझी रक्तदाबाची. काल विसरलो."
दोघं एकाच झाकणातून घोट घेतो.

मुखवटा खाली.
चेन उघडीच.