दाया

ब्याण्णव वर्षं, सात महिने आणि वर काही दिवस,
जे तिने शेवटी मोजायचे सोडून दिले होते.
आज तिसरा दिवस. मनामातल्या आमच्या दोन खोल्या,
एसीची घरघर,
खुर्च्या मल्याळी चर्चमधून मागून आणलेल्या.

मला वाटलं होतं, आपलीच चार घरं येतील,
नगरकडची, शुक्रवारी प्रार्थनेला जमतात ती.
पण मुहर्रकहून म्हातारे येताहेत,
पायघोळ पांढऱ्या थोबातले, जिन्यात धापा टाकत.
एक तर दारातच म्हणाला, हसत, डोळे पुसत:
मला पहिली चापट हिने मारली.
पुढे बऱ्याच जणांनी मारल्या,
पण मी रडल्यावर खूश झालेली ही एकटीच.

राहुरीची दयावंती शेकटकर.
मिरजेला सुईणपण शिकली,
आणि बोटीने आली, सहा दिवस ओकत.
ट्रंकेत चार पांढरी पातळं, बायबल,
कारळ्याची चटणी, जी बसऱ्याच्या एका खलाशाने
वाटेतच संपवली.
तेव्हा इथे रुपयेच चालायचे.
गोडं पाणी गाढवावरून यायचं.
दवाखान्यात पंखा एकच,
तोही डॉक्टरसाहेबांच्या डोक्यावर.
समुद्राच्या तळाशी गोडे झरे आहेत, सांगायची,
माणसं बुडी मारून पखाली भरून आणायची.
मी कितीतरी वर्षं हे बायबलातलंच समजत होते.

बायका तिला दाया म्हणायच्या.
तिला वाटे, नाव किती पटकन पाठ केलं यांनी,
लाडाने जरा ओढतात, इतकंच.
दोन वर्षांनी कळलं,
अरबीत सुईणीलाच दाया म्हणतात.
मग गं? मी विचारायचे.
मग काय. नाव कामाला लागलं.

काल पलंगाखाली तिची वही सापडली,
दूधपावडरीच्या डब्यात, डांबराच्या गोळ्यांसकट.
बायकांची नावं नाहीत तिच्यात.
पडद्यातली नावं कागदावर कशाला मांडायची?
तिने दारं लिहिलीत.

निळं दार. पाचवी खेप. मुलगा, सात पौंड.
मशिदीमागचं, कडी मोडलेलं. जुळ्या. धाकटी दमली होती, आता बरी.
अत्तरवाल्याशेजारचं. मुलगा. फी: अर्धा हमूर मासा.
खजुरीला टेकलेलं दार. अख्खी रात्र. बाळ गेलं. आई राहिली.
आणि त्याखाली, पेन्सिलीने, नंतर कधीतरी:
इथेच मुलगी. देवा, तुझे उपकार.

शाई बदलते, अक्षर म्हातारं होत जातं.
पौंडांचे किलो होतात.
मध्ये एका पानावर फक्त:
बेंजामिन गेले. आज कुठे गेले नाही.
आणि दुसऱ्या दिवशी दोन दारं.

मी शेवटून तिसऱ्या पानावर आहे.
आमचं दार. मुलगी. लगेच रडली नाही.
मी रडले.

अखेरच्या महिन्यात तिला माणसं ओळखू येईनात.
फिलिपिनो नर्सला ती राहुरीची मावशी समजायची
आणि शेपूची जुडी आणलीस का विचारायची.
शेपू तर खिडकीतच होता, तुपाच्या पत्र्याच्या डब्यात,
तिनेच लावलेला.
शेवटच्या रात्री मात्र आवाज एकदम कामावरचा,
माझं मनगट घट्ट धरून:
यल्ला बाई, अजून एक कळ. झालंच आता.
कुणाला म्हणाली, मला अजून कळलेलं नाही.

चापटवाला म्हातारा जायचं नाव घेत नाही.
त्याला त्याचं पान हवंय.
दार कुठलं होतं, विचारलं, तर गोंधळतो:
वडील दर ईदला नवा रंग द्यायचे,
तो कुठल्या ईदच्या आधीचा, हे सांगायला आता कुणी नाही.
त्या गल्लीत तर गाड्या लावतात हल्ली.

म्हणून आम्ही पहिल्यापासून वाचतोय.
मी मराठीतून एकेक दार त्याला अरबीत उघडून देते,
तो मान हलवतो, हे नाही, पुढचं.
चहा दोनदा निवला.
अजून हिरव्यापर्यंतच आलोय.