बावटो

म्हापशाचे डॉ. केंकरे म्हणाले, रोज चाळीस मिनिटं,
धाप लागेल असं चाला, गप्पा मारत नव्हे.
वीजखात्यात एकतीस वर्षं खांब चढलो मी,
पण ते चढणं
साखरेच्या हिशेबात धरत नाहीत म्हणे.

कुत्रा माझा नव्हे.
फेर्मिना आणि आग्नेल स्विंडनला गेली
तेव्हा घराची चावी, जास्वंदीच्या दोन कुंड्या
आणि हा, एवढं माझ्याकडे आलं.
शेपटीचं टोक पांढरं, शेपटी कायम वर,
म्हणून नाव बावटो.
महिनाभर तो त्यांच्या बाल्कांवात बसून होता.
पोदेराच्या पोंग्याला मान वळवायचा फक्त.
मी ठेवलेली पेज खायचा,
माझ्याकडे न बघता.

मग एका पहाटे मी कॅनव्हासचे बूट घातले
आणि तो उठला.
बस्स, एवढंच.

रेवोड्याच्या वर सडा आहे.
वाट जुन्या चिरेखाणीच्या कडेनं चढते.
मी तिला वाट म्हणतो.
त्याच्यासाठी ते रात्रीचं सगळं वर्तमान आहे:
कोल्हा कुठून गेला,
मुंगूस कुठे थबकलं,
करवंदीच्या बुडाशी कोणा परक्यानं
काय सांगून ठेवलंय.
तो ओळ न ओळ वाचतो. मी काजूच्या खोडाला हात टेकून
धाप आवरतो, आणि वाचायला वेळ हवा त्याला,
अशी स्वतःची समजूत घालतो.
पुढे पळतो, परत येतो, मी आहे ना बघतो,
पुन्हा पळतो.
एक चढण तो तीनदा चढतो
आणि जेवायच्या आधी त्याला गोळी नाही.

भाद्रपद सरता सरता
कातळावर सीतेची आसवं फुलली होती,
बोटभर माती, तीही उसनी,
आणि त्यावर जांभळं जांभळं सगळं.
मी पाय कुठे ठेवू म्हणून उभा राहिलो.
तो सरळ त्यात लोळला.
उठला तेव्हा पोटाला पाकळ्या,
आणि चेहऱ्यावर काडीचा संकोच नाही.

माथ्यावर एक खुरीस आहे.
तिथं रेंजच्या दोन दांड्या येतात, वारा असेल तर तीन.
रविवारी तिथंच फोन वाजला.
तिच्याकडे रात्रीचे अडीच, गोदामात जेवणाची सुट्टी,
अंगात चमकणारं पिवळं जाकीट,
मागे खोक्यांची भिंत.
"बावट्या! पळय रे, हांव मू!"

तो आला.
फोन पुढून हुंगला, मागून हुंगला,
काचेवर एकदा जीभ फिरवली.
आवाज तोच होता,
पण वास माझ्या बोटांचा,
बिस्किटाचा आणि विडीचा
(ही विडी डॉक्टरांना ठाऊक नाही).
दोन क्षण कान ताठ.
मग खाणीतल्या पाण्याकडे चालू लागला.

"वळखलें मू ताणें?"
मी काही बोललो नाही.
फोन फिरवून धरला नुसता.
गवत कमरेएवढं, कुत्रा दिसतच नव्हता,
गवतावरून एक पांढरं टोक
हलत हलत निघालं होतं.
"शेंपडी पळय," मी म्हटलं.
ती पाहत राहिली.
शेपटी तर त्याची कायमच वर,
हे तिला ठाऊक होतं, मलाही.
तिकडे कुठलीशी घंटा झाली, खोकी हलली,
चित्र गोठलं.

उतरताना गुडघे जास्त बोलतात.
तो खाली थांबून राहिला, ओल्या मिशांनी,
मी वळणावर दिसेपर्यंत.

त्यांच्या फाटकापाशी कुलूप काढलं,
कुंड्यांना पाणी घातलं.
तो बाल्कांवात त्याच्या जागी आडवा झाला,
मी समोरच्या बाकावर.
फोन सांगत होता, सहा हजार एकशे बारा.
त्याची पावलं कोणी मोजली नाहीत.

पोंगा वाजला.
दोघांनीही मान वळवली.
पोदेर सवयीनं त्या दारात थांबला,
मग मला बघून हसला.
मी तीन पोई घेतल्या.
एक त्याची, कोरडी.